हिरवं दिसलं, म्हणजे काय दिसलं?

पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीच्या पानात काय चालतं, हे बघण्यात माझ्या नोकरीची उमेदीची वर्षं गेली. मी वनस्पतिशास्त्राची, त्यातही शरीरक्रिया हा माझा विषय. हातातलं हत्यार म्हणजे पेशीत शिरून चमकणारे रंग. आमच्यात त्यांना 'प्रोब' म्हणतात. पेशीतल्या उग्र ऑक्सिजन-रेणूंशी गाठ पडली की हे रंग उजळतात, असं पुस्तकात एका ओळीत दिलेलं असतं. त्या ओळीत किती अटी दडल्या आहेत, हे मला हळूहळू कळत गेलं.

हा विषय माझ्याकडे घरातूनच आला. अहिल्यानगर जिल्ह्यात, आमच्या तोंडी अजून नगरच, दोन वेगळे मुलूख आहेत. भंडारदरा, मुळा आणि गोदावरीच्या कालव्यांखालचा राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावचा भाग उसाचा. कर्जत, जामखेड, पाथर्डीचा भाग ज्वारीचा आणि कडब्याचा. आमची जमीन कर्जतकडची. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि नंतर पावसाची फारशी आशा धरायची नाही. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर पीक निघालं पाहिजे. पोटरीत असताना ओल सरली तर कणीस अर्धवट निसवतं आणि दाणा बारीक राहतो. एकाच बांधावरची दोन रानं, एक तगतं आणि एक करपतं, हे लहानपणापासून पाहिलं होतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिलेले आहेत: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, पाणी देता येत असेल तर फुले रेवती. जुनी मालदांडी तर आहेच. कोणतं रान कोणत्या वाणाचं, हे शेतात पेरून ठरलेलं आहे. मला त्याचं पानातलं कारण बघायचं होतं.

ओल कमी झाली की पान आपली रंध्रं मिटतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. ऊन मात्र थांबत नाही. हरितद्रव्य प्रकाश घेतच राहतं, इलेक्ट्रॉन सुटत राहतात आणि त्यांची नेहमीची वाट तुंबते. मग काही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतो. पेशीतलं एक विकर त्याचं चटकन हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, दुसरी विकरं पेरॉक्साइडचं पाणी करतात. मधेच मोकळं लोह भेटलं तर पेरॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक बनतो आणि तो समोर येईल त्याला फाडतो, मग ते प्रथिन असो, मेद असो की डीएनए. या सगळ्या मंडळींना मिळून 'आरओएस' म्हणायची पद्धत आहे. पद्धत सोयीची, पण घोळ तिथूनच सुरू होतो, कारण यांतला प्रत्येकजण वेगळा वागतो. हायड्रॉक्सिल जन्मतो तिथेच, सेकंदाच्या अब्जांश भागात संपतो. सुपरऑक्साइडला पेशीचं पटल सहजासहजी ओलांडता येत नाही. पेरॉक्साइड त्या मानाने टिकाऊ, आणि पटलातल्या पाण्याच्या वाटांनी पलीकडेही जातो.

मी सुरुवात केली ती न चमकणाऱ्या, स्वस्तातल्या रंगांनी. एनबीटीच्या पिवळसर द्रावणात पानाच्या चकत्या बुडवून अंधारात ठेवायच्या, मग वॉटर बाथवर अल्कोहोलमध्ये उकळून त्यांचं हरितद्रव्य काढायचं. चकती पांढुरकी होते आणि तिच्यावर निळे डाग उरतात. सुपरऑक्साइड असेल तिथे हा निळा रंग बसतो. डीएबी वापरलं तर पेरॉक्साइडच्या जागी तपकिरी डाग येतात. जिल्ह्यातल्या साध्या कॉलेजातही हे होऊ शकतं. अशा चकत्या पांढऱ्या टाइलवर मांडून मी तासन् तास बघत बसायची. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली: ताण दिलेलं पान असो की पाणी दिलेलं, चकतीची कड कायम सगळ्यात निळी. कारण कापणं ही झाडाच्या दृष्टीने जखम असते आणि जखमेजवळ झाड स्वतःच सुपरऑक्साइड सोडतं. म्हणजे पंच मारताक्षणी आपण जे मोजायला आलो तेच थोडं तयार करून ठेवलेलं असतं. तेव्हापासून आम्ही कडेची पट्टी सोडून मधलाच भाग मोजायला लागलो. पुढच्या सगळ्या कामाचा धडा या निळ्या कडेतच होता. तो रंगीत पडद्यावर पुन्हा पुन्हा गिरवावा लागला, एवढंच.

पुढची पायरी जिवंत पेशीतली. डाग पाडलेली चकती मेलेली असते. काय कधी घडलं, आधी कुठे आणि नंतर कुठे, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी डीसीएफ. या रंगाचा मूळ रेणू चमकत नाही. त्याला दोन शेपट्या जोडलेल्या असतात, त्यामुळे तो पटलातून आत शिरतो. आत पेशीची विकरं शेपट्या छाटतात आणि तो आत अडकून पडतो. मग त्याचं ऑक्सिडीकरण झालं की निळ्या प्रकाशात तो हिरवा उजळतो. लिहायला इतकं सोपं आहे. पण ज्वारीच्या पानावर मेणाचा थर असतो, पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो. रंग आत जाणार कसा? यावर आमचा उपाय इंजेक्शनच्या सिरिंजचा. पानाचे तुकडे आणि रंगाचं द्रावण सिरिंजमध्ये घ्यायचं, टोक अंगठ्याने दाबून धरायचं आणि दट्ट्या मागे ओढायचा. पानाच्या पोकळ्यांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते; दट्ट्या सोडला की द्रावण आत घुसतं. तरंगणारा तुकडा गडद होऊन तळाशी बसला की काम झालं. हे शिकवायला कोणतंही पुस्तक लागत नाही, पण ज्याचा तुकडा बुडला नाही त्याने पुढे काहीही बघितलं तरी त्याला अर्थ नसतो.

चांगला कॉन्फोकल मायक्रोस्कोप, म्हणजे लेझरच्या प्रकाशात पेशी दाखवणारा, पुण्याला. त्यामुळे कुंड्या घेऊन जायच्या. नगरहून सुपा, शिरूर, शिक्रापूर, वाघोली करत एसटीने, कधी भाड्याच्या गाडीने. खिडकीतला वारा, धक्के, दुपारचं ऊन, पानाला सारखा होणारा स्पर्श, यांतलं प्रत्येक कारण झाडात पेरॉक्साइड वाढवायला पुरेसं आहे. पुण्याला पोचल्यावर ताण दिलेलं झाड हिरवं चमकणार यात नवल नाही. प्रश्न असतो तो पाणी दिलेल्या झाडाचा. तेही चमकलं तर प्रवास बोलतोय. म्हणून नियम केला: जितकी ताणाची झाडं, तितकीच पाण्याची झाडं, एकाच क्रेटमध्ये, एकाच सीटशेजारी. उतरल्यावर सगळ्यांना सारखा विसावा, आणि मोजणी दिवसाच्या त्याच वेळी. कंडक्टर विचारायचे, "मॅडम, यातली अर्धी तर ठणठणीत दिसतात, कशाला नेताय?" ती ठणठणीत होती म्हणूनच न्यायची होती.

पडद्यावर पान पहिल्यांदा दिसलं तेव्हा सगळ्यांचेच चेहरे उजळले होते. हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं, 680 नॅनोमीटरच्या आसपास; रंगाचा हिरवा 525च्या आसपास. लाल मण्यांभोवती हिरवी झाक, दिसायला फार देखणं. पण थोडा वेळ बघत राहिलं की हिरवं आपोआप वाढत जायचं. बघणारे खूश व्हायचे, जणू ताणाची प्रक्रिया डोळ्यांसमोर चाललीय. आम्ही पाणी दिलेलं पान त्याच जागी, तितकाच वेळ ठेवलं. तेही तसंच उजळलं. लेझरच्या प्रकाशानेच हा रंग ऑक्सिडाइज होतो. शिवाय ऑक्सिडीकरणाच्या मधल्या टप्प्यातला त्याचा रेणू ऑक्सिजनशी झटून स्वतःच सुपरऑक्साइड तयार करतो, त्यातून पेरॉक्साइड होतो, आणि तो पुन्हा रंगालाच उजळवायला मदत करतो. म्हणजे साक्षीदारच गुन्ह्यात भर घालतो. त्यानंतर लेझर कमीत कमी, शटर बंद, चित्र ठरलेल्या क्षणीच, आणि प्रत्येक सत्रात एक पान फक्त प्रकाशाच्या परिणामासाठी राखलेलं.

हा रंग आला कुठून, हे नंतर वाचलं तेव्हा बरंच उलगडलं. 1965 मध्ये केस्टन आणि ब्रँट यांनी तो पेरॉक्साइड मोजायला वापरला, पण परीक्षानळीत, सोबत पेरॉक्सिडेज हे विकर घालून. नुसत्या पेरॉक्साइडला हा रंग फारशी दाद देत नाही. मधे विकर लागतं, नाहीतर लोह. पेशीत ती सोय किती आहे, यावर चमक ठरते. दोन पेशींत पेरॉक्साइड सारखाच आणि लोह कमी-जास्त, तर एक पेशी जास्त हिरवी. न्यूझीलंडच्या क्रिस्टीन विंटरबर्न यांनी या रंगांच्या मर्यादांवर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. त्यांचे लेख वाचताना मला बरं वाटायचं, कारण आपल्या बाकावर जे खटकतं ते जगात इतरांनाही खटकतंय, हे कळायचं. डीसीएफ म्हणजे राखणीचं कुत्रं: भुंकलं की कोणीतरी आलंय एवढं कळतं; पाहुणा की चोर, आणि एक की चार, हे बॅटरी घेऊन आपणच बघायचं.

याचा सगळ्यात बोलका अनुभव मात्र ज्वारीच्या कामात आला नाही. शेजारच्या तालुक्यातला औषधनिर्माणशास्त्राचा एक विद्यार्थी पानांचा अर्क घेऊन आला होता. प्राण्याच्या पेशींत पेरॉक्साइड घालायचा, मग अर्क द्यायचा, आणि डीसीएफची चमक किती उतरली ते मोजायचं, असा त्याचा प्रकल्प. आकडे सुरेख होते. अर्क जितका जास्त, चमक तितकी कमी, एकदम सरळ रेषेत. पोरगा हुशार, कष्टाळू, आणि सबमिशन तोंडावर आलेलं. मी त्याला एकच गोष्ट करायला सांगितली: आधीच उजळवून ठेवलेला डीसीएफ घे, पेशी घालूच नकोस, आणि त्यात अर्क टाक. चमक तिथेही उतरली, जवळपास त्याच प्रमाणात. अर्क तपकिरी-पिवळा होता. निळा प्रकाश तोच पिऊन टाकत होता. पेशीला त्याने मदत केली असेल किंवा नसेल, त्या आकड्यांवरून दोन्ही म्हणता येत नव्हतं.

तो खूप नाराज झाला. "मॅडम, सगळे असंच करतात," म्हणाला. आणि ते खरंच होतं. आपल्याकडे गुळवेल, तुळस, शेवगा, आवळा यांच्या अर्कांवर असे प्रकल्प दरवर्षी होतात आणि पेशीविरहित कंट्रोल फार थोड्यांत असतो. त्यात आणखी एक गंमत म्हणजे अर्कातली काही पॉलिफिनॉलं पेशी वाढवण्याच्या द्रावणात आपणहून पेरॉक्साइड तयार करतात. म्हणजे ज्याला आपण विझवणारा समजतो तो कधी पेटवतही असतो. पोराने शेवटी अर्क देऊन, पेशी नीट धुऊन, मग रंग घालून पुन्हा मोजणी केली. परिणाम लहान निघाला, पण राहिला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि त्याच्याकडे उत्तर होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे रिकाम्या खाचेची, म्हणजे पेशी नसलेल्या खाचेची, ओळ प्लेटवर सगळ्यात आधी भरली जाते.

सुपरऑक्साइडसाठी लाल रंग वापरतात, डायहायड्रोइथिडियम. तिथेही तीच कथा. या रंगापासून दोन लाल पदार्थ बनतात: एक सुपरऑक्साइडमुळे, दुसरा इतर कशानेही. मायक्रोस्कोपखाली दोघांचा लाल जवळजवळ सारखाच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बालारामन कल्याणरामन यांच्या गटाने 2003 मध्ये दाखवलं की सुपरऑक्साइडचा खास पदार्थ वेगळा आहे. दोन्ही वेगळे करायचे तर पेशी फोडून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून आलेख काढणाऱ्या यंत्रावर, चालवावं लागतं. चित्र देखणं, पण उत्तर आलेखातल्या एका छोट्या टेकाडात.

तपासणीला आणखी एक बाजू असते, ती मला उशिरा पटली. रंग उजळत नाही तेव्हा रेणू नाही म्हणायचं, की रंगच पोचला नाही? त्यासाठी सुपरऑक्साइड हवा तेव्हा, हवा तिथे सोडता आला पाहिजे. पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत हरिनाथ चक्रपाणी यांचा गट असेच रेणू घडवतो: पेशीत शिरल्यावर तिथल्या विकराने कळ दाबली की ठरवल्यासारखे उग्र ऑक्सिजन-रेणू सोडणारे. अशा रेणूने रंग उजळला, तर रंगाचं काम चालू आहे. उलट बाजूने कॅटालेज किंवा डिसम्युटेज, म्हणजे पेरॉक्साइड किंवा सुपरऑक्साइड संपवणारं विकर, घालून चमक उतरली, तर संशय योग्य माणसावर आहे. उजळवून बघायचं आणि विझवूनही बघायचं, दोन्ही केल्याशिवाय मी आता कोणाच्या चित्रावर सही करत नाही.

याहून नेमकी साधनं जगात आली आहेत. 2006 मध्ये मॉस्कोतल्या संशोधकांनी 'हायपर' नावाचं प्रथिन केलं: जिवाणूचा पेरॉक्साइड ओळखणारा भाग आणि चमकणारं प्रथिन जोडून. हे चमकणारं प्रथिन जेलीफिशमधल्या ज्या प्रथिनापासून घडवलेलं, त्याच्यासाठी शिमोमुरा, चॅल्फी आणि त्स्येन यांना 2008चं नोबेल मिळालं. हायपर हरितलवकात ठेवा, केंद्रकात ठेवा, ते तिथलंच सांगतं, आणि पेरॉक्साइड ओसरला की परत विझतं. डीसीएफ एकदा उजळला की उजळलाच. पण हायपरही पेशीची आम्लता बदलली की फसतं, म्हणून त्याच्यासोबत पेरॉक्साइड न ओळखणारी त्याचीच जोडी ठेवावी लागते. आणि त्यासाठी झाडात जनुक घालावं लागतं. ॲराबिडॉप्सिससारख्या प्रयोगशाळेच्या लाडक्या झाडात ते होतं. ज्वारीत ते सोपं नाही आणि आमच्या आवाक्यात तर नाहीच. वीज जाते, फ्रीजर इन्व्हर्टरवर, रंगाच्या बारीक कुप्या फॉइलमध्ये गुंडाळून, एकदा वितळलेली पुन्हा गोठवायची नाही, अशा परिस्थितीत जे करता येतं ते नीट करायचं, हाच आमचा मार्ग.

माझ्या विचाराला खरं वळण मिळालं ते मात्र साधनामुळे नाही, झाडामुळे. बरीच वर्षं मी धरून चालले होते की कमी चमकणारा वाण म्हणजे तगडा वाण. उग्र रेणू वाईट, ते कमी तर बरं. आमच्या क्षेत्रात बहुतेकांचं हेच गृहीतक असायचं. एका हंगामात आम्ही पानाची वरची साल सोलून फक्त रंध्रं बघत होतो. ज्या वाणाची रंध्रं लवकर हिरवी व्हायची, त्याची ती लवकर मिटायचीही, आणि संध्याकाळी त्याचंच पान जास्त ताठ असायचं. कारण साहित्यात आधीपासून होतं: मुळांकडून कोरडेपणाचा सांगावा आला की रंध्राच्या पेशी स्वतःहून पेरॉक्साइड तयार करतात, आणि रंध्र मिटवण्याच्या आज्ञेत त्याचाही हात असतो. तिथे तो नुकसान नसून निरोप आहे. त्याच पानात, थोड्या अंतरावर, दुपारी दोन वाजता हरितलवकात साठणारा तोच पेरॉक्साइड नुकसान असू शकतो. किती, यापेक्षा कुठे आणि कधी हे जास्त महत्त्वाचं. पूर्ण पान वाटून एक आकडा काढला की ही दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळून जातात. त्यानंतर आमच्या तक्त्यातला 'कमी म्हणजे चांगला' हा रकानाच आम्ही काढून टाकला.

2022 मध्ये 'नेचर मेटाबॉलिझम' या नियतकालिकात जगातल्या अनेक तज्ज्ञांनी मिळून या मोजणीचे दंडक छापले. त्यांचा गाभा असा की 'आरओएस वाढलं' असं मोघम लिहू नका. कोणता रेणू, ते शक्य असेल तिथे सांगा, आणि रंगाने काय दाखवलं तेवढंच म्हणा. मी ती पानं छापून विद्यार्थ्यांच्या टेबलाशेजारी लावली. आमच्या बाकावर पानाच्या निळ्या कडेने आणि तपकिरी अर्काने जे सांगितलं होतं, तेच तिथे शिस्तीत मांडलेलं होतं.

गावी गेले की चुलते विचारतात, "पोरी, तुझ्या त्या चमकणाऱ्या यंत्रात बघून सांग की, यंदा वसुधा टाकू का मालदांडी?" मी म्हणते, "तात्या, ते यंत्र नाही सांगत. रानाची खोली बघा, ओल किती मुरलीय ते बघा, राहुरीवाल्यांची शिफारस बघा." ते हसतात, "मंग एवढा खटाटोप कशापायी?" त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. मी त्यांना सांगते की नवा वाण तयार करणाऱ्याला हजारो ओळींतून थोड्या निवडायच्या असतात. कणीस भरेपर्यंत थांबायचं तर हंगाम जातो. पानाची राखण कोणत्या तासाला, कोणत्या भागात ढासळते हे आधी कळलं, तर शोध लहान होतो. निर्णय मात्र दाण्यावर आणि कडब्यावरच व्हायचा. चमक कुठे बघायचं एवढं दाखवते. माझ्या कामाची ही खरी लांबी-रुंदी आहे, आणि ती नीट सांगता येते म्हणूनच आता कोणी विचारलं, "हिरवं दिसलं का?" तर मी लगेच हो म्हणत नाही, आधी शेजारचं पाणी दिलेलं झाड कुठे आहे ते विचारते.